शटल मागे जातच नाही? बॅडमिंटनच्या फटक्यांसाठी नवख्यांची सुरुवात

थंडी पडली की नागपुरात कॉलनी-कॉलनीत जाळ्या बांधल्या जातात. मोकळ्या प्लॉटवर चुन्याने रेषा मारायच्या, दोन हॅलोजन लावायचे आणि जेवणं आटोपली की उशिरापर्यंत खेळायचं. त्यातले काही जण उन्हाळ्याच्या तोंडावर हॉलमध्ये येतात. आल्या आल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "भाऊ, शटल मागे जाऊनच नाही राहिलं. रॅकेट बदलू काय?"

रॅकेट बदलू नका, निदान सहा महिने तरी. कॉलनीतलं कोर्ट जागा असेल तसं आखलेलं असतं, हॉलमधलं नियमाप्रमाणे: १३.४० मीटर लांब, दुहेरीसाठी ६.१० मीटर रुंद, जाळीची उंची मधोमध १.५२४ मीटर. एवढं कोर्ट नुसत्या दंडाच्या जोरावर पार होत नाही. शटलचं वजन नियमानुसार ४.७४ ते ५.५० ग्रॅम. इतक्या हलक्या वस्तूला ताकदीपेक्षा रॅकेटच्या टोकाचा वेग लागतो, आणि तो वेग नेमक्या जागी मिळावा लागतो. नवख्याचा फटका बिघडतो तो बहुतेक वेळा शटल उशिरा आणि खाली घेतल्यामुळे. पुढचा सगळा क्रम मी याच गोष्टीभोवती लावला आहे.

उजव्या हाताने खेळणारे गृहीत धरून लिहितो आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं, आणि घरच्यांनी मुलांचा हात बदलायच्या फंदात पडू नये. आपल्या नागपूरची मालविका बनसोड डावखुरीच आहे. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये तिने सायना नेहवालला २१-१७, २१-९ असं सरळ हरवलं.

१. पकड

रॅकेट डाव्या हाताने गळ्याशी धरा, कड जमिनीकडे. उजवा तळहात तारांवर टेकवा आणि तसाच खाली सरकवत हँडलपर्यंत आणा, मग बोटं मिटा. अंगठा आणि तर्जनीच्या मधे जो कोन तयार होतो तो हँडलच्या वरच्या अरुंद बाजूवर यायला हवा. तर्जनी बाकीच्या बोटांपासून जरा वर सरकलेली ठेवा. तळहात आणि हँडल यांच्यात थोडी पोकळी राहिली पाहिजे. ही फोरहँडची मूळ पकड.

कॉलनीत खेळून आलेल्या बहुतेकांनी रॅकेट सराटा धरावा तशी धरलेली असते, तारा सरळ समोर आणि अंगठा बाजूला. जाळीजवळ तिचं भागतं, म्हणून ती चुकीची आहे हे लक्षातच येत नाही. मागे गेल्यावर मात्र हात वळायला जागाच उरत नाही, आणि मग माणूस खांद्याने ढकलायला लागतो.

याहून मोठी अडचण म्हणजे आवळून धरणं. सामना चालू असताना नवख्याच्या हाताकडे बघा. सर्व्हिसची वाट बघत उभा असतानाच त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात आणि मनगटाच्या शिरा ताणलेल्या दिसतात. असा हात फटक्याच्या वेळी आणखी आवळायला काही शिल्लक ठेवत नाही. पकड सैल ठेवायची, शटल तारांना लागेल त्या क्षणी बोटं आवळायची, आणि लगेच पुन्हा सैल सोडायची. तपासायचं असेल तर जोडीदाराला सांगा, तुम्ही तयारीत उभे असताना त्याने तुमची रॅकेट हळूच ओढून बघावी. ती सहज निघून आली तर ठीक.

बॅकहँडसाठी रॅकेट बोटांनी जराशी फिरवून अंगठा हँडलच्या मागच्या रुंद बाजूवर टेकवायचा. मनगट वाकडं करायचं नाही, फिरते ती रॅकेट. हा बदल रात्री बातम्या बघताबघता करा. फोरहँड, बॅकहँड, फोरहँड, हाताकडे न बघता. दोन आठवड्यांत तो आपोआप व्हायला लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये घामाने हँडल घसरतं आणि त्यामुळेही माणूस आवळून धरतो. ओव्हरग्रिप, म्हणजे हँडलवर गुंडाळायची पातळ पट्टी, वेळेवर बदला. फार घाम येणाऱ्यांनी टॉवेल ग्रिप लावावी.

२. डोक्यावरून येणारं शटल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे. क्लिअर (उंच, पार मागे जाणारा), ड्रॉप (हळूच जाळीजवळ टाकलेला) आणि स्मॅश (जोरात खाली मारलेला) हे तिन्ही फटके एकाच हालचालीतून निघतात. ती हालचाल बसली की तिन्ही सुधारतात, आणि ती कच्ची राहिली तर तिन्ही कच्चेच राहतात.

शटल वर गेलं की पहिलं काम पायांचं. उजवा पाय मागे, अंग आडवं, डावा खांदा जाळीकडे. डावा हात वर, शटलच्या दिशेने. हा डावा हात बहुतेक जण विसरतात. तो वर गेला की छाती उघडते, तोल राहतो आणि शटल किती लांब आहे याचा अंदाजही येतो. उजवं कोपर खांद्याच्या उंचीला, रॅकेट डोक्यामागे.

आता पाय असे हलवा की शटल तुमच्या उजव्या खांद्याच्या वर आणि कपाळाच्या जरासं पुढे उतरेल. थोडक्यात, शटलच्या मागे जाऊन उभं राहायचं. नवखा नेमका इथेच चुकतो. तो शटलच्या खाली उभा राहतो, मग शटल डोक्यामागे जातं, आणि तो कंबरेतून मागे वाकून कसंबसं परतवतो. एक पाऊल जास्त मागे गेलात तर पुढे यायला वेळ मिळतो. एक पाऊल कमी पडलं तर तो फटका गेलाच.

मारताना कोपर आधी पुढे आणि वर येतं, रॅकेट त्यामागून. हाताचा कोपराखालचा भाग उताण्याचा पालथा होतो: तळहात सुरुवातीला डोक्याच्या बाजूला असतो, शटल लागताना जाळीकडे, आणि फटका संपता संपता बाहेरच्या बाजूला वळलेला. वेग या वळण्यातून येतो. 'मनगट मारा' असं हॉलमध्ये सर्रास सांगतात. ऐकणारा मग मनगट पुढेमागे झटकायला लागतो, आणि महिन्याभरात त्याचं मनगट दुखायला लागतं. हात वळवा, मनगट आपोआप साथ देतं. शटल लागताना हात जवळजवळ सरळ आणि जास्तीत जास्त उंच असावा. फटका झाला की मागचा उजवा पाय पुढे येतो, रॅकेट डाव्या मांडीकडे उतरते.

कोर्टावर जाण्याआधी हे रॅकेटशिवाय करून बघा. जुनं शटल हातात घ्या, मागच्या रेषेजवळ आडवे उभे राहा आणि ते जाळीपलीकडे जितकं उंच आणि लांब फेकता येईल तितकं फेका. लहानपणी चिंचा पाडायला दगड मारलेल्यांचा हात लगेच बसतो. ज्यांनी कधी काही फेकलेलंच नाही त्यांनी यावर आठवडाभर घालवला तरी तो फुकट जात नाही. मग रॅकेट घेऊन आरशासमोर शॅडो करा, म्हणजे शटल नसताना फटक्याची नुसती हालचाल करा. फक्त आधी वर पंखा नाही ना ते बघून घ्या.

क्लिअर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे टॉस म्हणतात तो, पहिला शिका. कोर्टाच्या शेवटी दोन आडव्या रेषा असतात, त्यांच्यात ७६ सेंटिमीटरची पट्टी असते. तुमचा क्लिअर त्या पट्टीत पडला पाहिजे, आणि जवळजवळ सरळ खाली पडला पाहिजे. जोडीदाराने हाताने किंवा रॅकेटने उंच शटल द्यावं, तुम्ही फक्त क्लिअर मारावा. या वेळी गुण मोजू नका.

फटका कुठे चुकला ते शटलच सांगतं. शटल खूप उंच जाऊन मधेच पडलं तर ते डोक्यामागे लागलं. सपाट, जोरात गेलं आणि समोरच्याच्या रॅकेटवर बसलं तर फार पुढे लागलं. जाळीत गेलं तर ते बरंच खाली येईपर्यंत तुम्ही थांबलात. पुन्हापुन्हा फ्रेमला लागत असेल तर कोपर खाली आहे किंवा नजर शटलवरून आधीच उडते आहे. कानही उघडे ठेवा. तारांच्या मधोमध लागलेल्या शटलचा आवाज कोरडा आणि स्पष्ट येतो, बाजूला लागलं तर भदकन येतो. चांगला आवाज आला त्या वेळी शटल अंगापासून कुठे होतं ते लक्षात ठेवा.

ड्रॉपची तयारी हुबेहूब क्लिअरसारखी. शटल क्लिअरपेक्षा थोडं पुढे घ्यायचं आणि शेवटच्या क्षणी बोटं न आवळता रॅकेट शटलवरून फिरवायची. हात मधेच थांबवलात तर शटल जाळीत जातं आणि समोरच्यालाही आधीच कळतं. जाळीपासून १.९८ मीटरवर आखूड सर्व्हिसची रेषा असते. सावकाश ड्रॉप तिच्या अलीकडे, जाळीच्या बाजूला पडावा. सुरुवातीला रेषेच्या आसपास पडला तरी चालेल, पण जाळीवरून हातभर उंच जाणारा ड्रॉप म्हणजे समोरच्याला दिलेला गुण.

स्मॅश शेवटी. मला माहीत आहे की सगळ्यांना तोच आधी हवा असतो, आणि पंधरा वर्षांच्या पोराला थांबवणं कठीण आहे. तरीही दहातले सात-आठ क्लिअर मागच्या पट्टीत पडायला लागेपर्यंत स्मॅशचा सराव करू नका. उशिरा भेटलेल्या शटलवर जोर लावला की तो सगळा खांद्याच्या सांध्यावर येतो. स्मॅशमध्ये शटल क्लिअरपेक्षा स्पष्ट पुढे भेटतं, म्हणजे रॅकेटचं तोंड खाली वळायला जागा मिळते. आधी अर्ध्या ताकदीने, फक्त कोन साधायला मारा. समोरच्या कोर्टाच्या मध्यावर एक रुमाल ठेवा आणि त्याच्या पुढेमागे शटल पाडा. कोन जमला की ताकद हळूहळू वाढवता येते. मागच्या रेषेवरून स्मॅश मारू नका, तिथून क्लिअर किंवा ड्रॉप. शटल कोर्टाच्या मध्याजवळ आखूड आलं तरच स्मॅश.

३. जाळीजवळ

जाळीजवळचा शेवटचा टप्पा नेहमी उजव्या पायाचा. टाच आधी टेकते, गुडघा आणि पायाची बोटं एकाच दिशेला. गुडघा आत वळत असेल तर थांबा आणि दुरुस्त करा, कारण तिथली दुखापत लवकर बरी होत नाही. रॅकेट पायाच्या आधी पुढे पोचायला हवी, जाळीच्या वरच्या पट्टीच्या उंचीला. शटल तिथे घेतलं तर नेट शॉट सोपा आहे: बोटं सैल, रॅकेटचं तोंड किंचित वर, शटलला आपणहून लागू द्यायचं. गुडघ्याच्या उंचीला घेतलंत तर लिफ्ट करण्यावाचून, म्हणजे शटल खालून वर उचलून देण्यावाचून, पर्याय उरत नाही. लिफ्ट मग उंच आणि पार मागे करा. अर्धवट लिफ्टवर समोरचा स्मॅश मारणारच.

दुहेरीत जाळीजवळ उभे असाल तर मागे वळून जोडीदाराकडे बघू नका. शटल डोळ्याला लागण्याचे प्रकार बरेचदा असेच होतात.

४. पाय

फटक्यांच्या लेखात पायांना वेगळी जागा द्यावी लागते, कारण शटल लवकर गाठायचं ते पायांनीच. समोरच्याची रॅकेट शटलला लागते त्या क्षणी दोन्ही पायांवर एक छोटी उडी घ्या, पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त फाकलेले, टाचा किंचित उचललेल्या. त्या उडीतून कोणत्याही बाजूला सुटता येतं. फटका मारला की मध्याकडे परत.

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात सायनाने सिंधूला २१-१७, २७-२५ असं हरवलं. त्या सामन्याचा व्हिडिओ मिळाला तर एक गेम शटलकडे न बघता फक्त एकीच्या पायांकडे बघा. ही छोटी उडी प्रत्येक फटक्याआधी दिसेल.

बूट नॉन-मार्किंग, चपट्या तळाचे घ्या. पळायच्या जाड तळाच्या बुटांत बाजूला पाय टाकताना घोटा मुरगळतो. सिमेंटच्या कोर्टावर खेळत असाल तर लंज (लांब पाऊल टाकून गुडघ्यात वाकणं) आणि उड्या कमी करा.

५. सर्व्हिस आणि बॅकहँड

दुहेरीसाठी बॅकहँडची आखूड सर्व्हिस शिका. शटल पिसांच्या टोकाला धरायचं, रॅकेट त्याच्या मागे, अंगठ्याने हलकंसं ढकलायचं. शटलला रॅकेट लागते तेव्हा संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे. घरी भिंतीवर पेन्सिलीने तेवढ्या उंचीवर खूण करा आणि तिच्यासमोर उभं राहून आपला हात कुठे येतो ते बघा. उंच मुलांचा बरेचदा वर येतो. सरावाला जाळीच्या वर वीतभर अंतरावर एक दोरी बांधून त्या फटीतून शटल काढायचं. दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

डोक्यावरचा बॅकहँड पहिल्या वर्षी सोडून द्या. डाव्या कोपऱ्यात उंच आलेलं शटल पाय मागे टाकून फोरहँडनेच घ्या. पायही जास्त चालतील. अंगावर येणारा स्मॅश परतवायला बॅकहँड लागतो. त्यासाठी रॅकेट पोटासमोर, कोपर अंगापासून सुटं आणि हालचाल अगदी आखूड. भिंतीवर शटल मारत राहिलात तर हे आणि ड्राइव्ह, म्हणजे जाळीवरून सपाट जाणारा फटका, दोन्ही सुधारतात.

६. शटल, तारा आणि आपलं ऊन

नागपूरच्या खेळाडूला ही गोष्ट माहीत नसेल तर तो उगाच स्वतःच्या फटक्याला दोष देतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे शटलला कमी अडवते आणि ते लांब जातं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांना टेकलेला असतो, हॉलमधले पंखे वाऱ्याने शटल हलू नये म्हणून बंद, आणि जानेवारीत पट्टीत पडणारा तुमचाच क्लिअर बाहेर जायला लागतो. डिसेंबरात थंड पहाटे तोच आखूड पडतो. अशा वेळी शटल बदला, हात बदलू नका.

प्लॅस्टिक म्हणजे नायलॉनच्या शटलवर रंगीत पट्टी असते: हिरवी सावकाश, निळी मध्यम, लाल वेगवान. पिसांच्या शटलच्या डब्यावर ७६, ७७, ७८ असे आकडे असतात, आकडा मोठा तितका वेग जास्त. आपल्या उन्हाळ्यात लहान आकडा घ्यावा. शटल बरोबर आहे की नाही हे तपासायची रीत नियमातच आहे: मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण फटका मारायचा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग योग्य. मात्र हा फटका हात बसलेल्या खेळाडूकडून मारून घ्या, नवख्याच्या फटक्यावरून शटलची परीक्षा होत नाही.

उन्हाळ्यात पिसं कोरडी होऊन पटापट तुटतात. खेळायच्या आदल्या रात्री डब्याची दोन्ही टोकं उघडून पिसांच्या बाजूने काही सेकंद वाफ द्या, बुचाला वाफ लागू देऊ नका. डबा बंद करून ठेवला की शटल जास्त टिकतं.

रॅकेट ८० ते ८४.९ ग्रॅमची, म्हणजे फोर-यू, समतोल वजनाची असावी. गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवणं, २० ते २२ पाउंडांच्या ताणावर करून घ्या. दुकानात 'प्रो लोक २८ वर खेळतात' म्हणून कुणी जास्त टेन्शन, म्हणजे तारांचा ताण, सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. टेन्शन वाढलं की तारांचा नीट मारा देणारा भाग लहान होतो, आणि नवख्याला तर तोच भाग मोठा हवा असतो.

७. सराव कसा लावायचा

हॉलमधला तास महाग असतो आणि चौघे जमले की लगेच डबल्स सुरू होतं. खेळात एका माणसाच्या वाट्याला तासाभरात फार थोडे क्लिअर येतात, त्यामुळे नुसतं खेळून फटका सुधारत नाही. जोडीदाराशी ठरवून टाका: पहिली वीस मिनिटं सराव, मग खेळ. त्या वीस मिनिटांत एकच फटका. सोमवारी क्लिअर तर सोमवारी क्लिअरच. जुनी शटलं सीनियर मंडळी खेळून झाल्यावर कोपऱ्यात टाकून देतात. विचारून घेतली तर कुणी नाही म्हणत नाही, आणि पिशवीभर जमली की जोडीदार तुम्हाला एकामागून एक शटल देऊ शकतो.

खांदे, मनगटं, घोटे आणि मांड्या दहा मिनिटं मोकळे केल्याशिवाय पहिला फटका मारू नका. एप्रिल ते जून पहाटेची वेळ घ्या आणि पाण्यासोबत मीठ-साखर-लिंबाचं सरबत ठेवा. खांद्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी डोक्यावरचे फटके बंद, नेट आणि सर्व्हिसचा सराव करा. चार-पाच दिवसांत ओसरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बाम चोळून खेळत राहू नका.

पंधरा दिवसांतून एकदा फोन उजव्या बाजूला, कोर्टाच्या कडेला उभा करून दहा क्लिअर रेकॉर्ड करा. व्हिडिओ शटल तारांना लागतं त्या क्षणी थांबवा आणि तीन गोष्टी बघा: शटल कपाळाच्या पुढे आहे का, हात सरळ आहे का, आणि डावा हात वर गेला होता का. यातली जी सगळ्यात जास्त वेळा चुकलेली दिसेल, पुढचे पंधरा दिवस तेवढीच घ्या. बाकीच्या दोघींकडे त्या काळात लक्ष देऊ नका, आणि पुढचं रेकॉर्डिंग त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून करा.